मूठभर द्राख्मा

१ मार्च २०१२ ही तारीख मला कळली तेव्हा ती उलटून साडेसात वर्षं झाली होती. अथेन्सला मोनास्तिराकीच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या टेबलापुढे मी उभी होते, पर्समधून अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, जुन्या द्राख्माच्या नोटा काढल्या आणि विचारलं, या कुठे बदलून मिळतील का. त्याने त्या हातात घेतल्या, एकेक करून उन्हाकडे धरून बघितल्या, सारख्या केल्या आणि परत माझ्या तळहातावर ठेवल्या. म्हणाला, बँक ऑफ ग्रीसने दहा वर्षं मुदत दिली होती, २०१२ च्या १ मार्चला संपली. आता नाही घेत कोणी. मग जरा थांबून म्हणाला, माझ्या आईच्यापण राहिल्या तशाच.

पाच नोटा हजाराच्या, अपोलोचा चेहरा असलेल्या, आणि पाच पाचशेच्या. एकूण साडेसात हजार द्राख्मा, ग्रीसचं युरोच्या आधीचं चलन. युरो आला तेव्हा ३४०.७५० द्राख्मांना एक युरो हा दर कायमचा ठरला, त्या हिशेबाने अण्णांच्या नोटांचे बावीस युरो झाले असते. फार नाहीत. पण मी ते बावीस युरो घ्यायला गेलेच नव्हते, मला त्या नोटा त्यांच्या घरी एकदा नेऊन दाखवायच्या होत्या असं म्हणा हवं तर.

अण्णा बोटीवर होते. आमच्या गुहागरकडच्या गावात तेव्हा जवळपास प्रत्येक वाडीतून एखाददुसरा बोटीवर असायचाच, कोणी खलाशी, कोणी भंडारी, अण्णा इंजिनात ऑइलर आणि नंतर मोटरमन. त्यांची बरीच काँट्रॅक्टं ग्रीक मालकांच्या टँकरवर झाली. पगार डॉलरमध्ये, त्यातली अलॉटमेंट दर महिन्याला आईच्या नावावर यायची, आणि बोट पिरेअसला, अथेन्सच्या बंदराला, लागली की किनाऱ्यावर खर्चायला म्हणून कॅप्टनकडून थोडे द्राख्मा उचलायचे. १९८९ ला शेवटचं काँट्रॅक्ट संपवून आले तेव्हा हे एवढे उरले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यांनी ते सीडीसीच्या, म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या नोंदींच्या पुस्तकात ठेवले, परत गेलो की लागतील म्हणून. मग कंबरेचं दुखणं निघालं आणि परत जाणं झालंच नाही.

अण्णा सांगायचे की बोटीवरचा ग्रीक कुक रेडिओ ऐकून सारखा चिडायचा. १९८३ च्या जानेवारीत सरकारने द्राख्माची किंमत एकदम साडेपंधरा टक्क्यांनी खाली आणली, १९८५ च्या ऑक्टोबरात परत १५ टक्के. १९७३ पर्यंत डॉलरला तीस द्राख्मा हा भाव वीस वर्षं हलला नव्हता आणि १९८५ मध्ये तो एकशेतीस-चाळीसच्या आसपास गेला. अण्णांना डॉलर मिळत असल्यामुळे त्यांच्या हातात आधीपेक्षा जास्त द्राख्मा यायचे, आणि हे त्या कुकसमोर मोजायला त्यांना बरं वाटायचं नाही. पाठ करून मोजायचो, असं म्हणायचे. मला लहानपणी हे कळायचं नाही, की पैसे जास्त मिळाले तर लाजायचं कशाला.

त्या कुककडून अण्णा दोन शब्द शिकले होते. ग्रीकमध्ये पैशाला बोलताना लेफ्ता म्हणतात, तो आला लेप्ता वरून, म्हणजे द्राख्माचा शंभरावा भाग. आणि खिसा रिकामा असला की म्हणायचं, माझ्याकडे एक फ्रांगो नाही. फ्रांगो म्हणजे फ्रँक. ग्रीसमध्ये फ्रेंच फ्रँक कुठून आला? तर फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्वित्झर्लंड या देशांनी १८६५ मध्ये चलनांचा एक संघ केला होता, लॅटिन मॉनेटरी युनियन, सगळ्यांची नाणी सारख्या वजनाची आणि एकमेकांच्या देशात चालणारी, आणि ग्रीस त्यात १८६८ ला सामील झाला. एक द्राख्मा बरोबर एक फ्रँक. तो संघ कधीच विरून गेला, फ्रँक गेला, द्राख्माही गेला, पण माणसं अजून म्हणतात एक फ्रांगो नाही.

आणि आपण काय म्हणतो? एक दमडी नाही. आता ही दमडी कुठली हे मला बऱ्याच उशिरा समजलं आणि समजलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ग्रीक द्राख्मा व्यापाराबरोबर आणि वायव्येकडच्या ग्रीक राजांच्या चांदीच्या नाण्यांबरोबर इकडे आला, संस्कृतात त्याचा द्रम्म झाला, प्राकृतात दम्म, त्यातून दाम, आणि दामाची धाकटी बहीण दमडी. कान्हेरीच्या लेण्यांत शिलाहारांच्या काळातले नवव्या शतकातले लेख आहेत, त्यात भिक्षूंसाठी दिलेलं दान द्रम्मांत मोजलेलं आहे. लीलावतीत भास्कराचार्य सुरुवातीलाच कोष्टक देतात, वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. म्हणजे ११५० साली गणित शिकणारी मुलं द्रम्मांचे हिशेब करत होती. दाम करी काम असं माझी आजी उठताबसता म्हणायची, त्यातला दाम ग्रीकांकडून आलाय हे तिला सांगायला हवं होतं, तिचा मुलगा त्यांच्याच बंदरात उतरत होता.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे मूठ. मुठीत मावेल तेवढं. नाणी यायच्या आधी लोखंडाच्या सळ्या, ओबोल, पैसे म्हणून चालायच्या, त्या सहा सळ्या एका मुठीत मावायच्या, म्हणून सहा ओबोलांचा एक द्राख्मा. हे वाचलं तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची हे आपलं वाक्य आठवलं आणि मग ग्रीसचा पैशाचा इतिहास मी त्या मुठीकडूनच वाचत गेले. म्हणजे राजे, कर्जं, करार हे सगळं आहेच, पण त्या त्या दिवशी ज्याच्या मुठीत ती नोट होती त्याचं काय झालं, हे बघत.

अण्णांच्या पाचशेच्या नोटेवर जो माणूस आहे, त्याच्यापासून सुरू होतं. इयोआनिस कापोदिस्त्रियास. कोर्फू बेटावरचा, रशियाच्या झारचा परराष्ट्रमंत्री राहिलेला, आणि ऑटोमन राज्यातून सुटू पाहणाऱ्या ग्रीसचा पहिला गव्हर्नर. १८२८ च्या जानेवारीत तो नाफ्प्लिओला उतरला तेव्हा देश म्हणावा असं फारसं काही नव्हतंच. बाजारात तुर्की कुरुश, स्पॅनिश चांदीचे डॉलर, ज्याच्या हाताला जे लागेल ते. स्वातंत्र्ययुद्धासाठी लंडनमध्ये दोन कर्जं काढलेली होती, १८२४ ला आठ लाख पाउंड आणि १८२५ ला वीस लाख, कागदावर. पहिलं शंभराला ५९ या भावाने विकलं गेलं, दुसरं साडेपंचावन्नने, त्यातूनही कमिशन आणि आगाऊ व्याज कापून घेतलं, आणि परतफेड मात्र पूर्ण शंभराची. देशाला अजून सीमा नव्हत्या, राजधानी ठरली नव्हती आणि देश थकबाकीदार झालेला होता.

कापोदिस्त्रियासने पहिलं ग्रीक नाणं काढलं, त्याचं नाव फिनिक्स. राखेतून उठणारा पक्षी. टांकसाळ एजिना बेटावर, आणि तिची यंत्रं माल्टाहून आणलेली जुनी, तिथल्या सरदारांच्या काळातली. चांदी इतकी कमी होती की चांदीचे फिनिक्स बाराएक हजारच पाडता आले. मग १८३१ मध्ये कागदी फिनिक्स काढले आणि लोकांनी ते घ्यायला नकार दिला. त्यांचं काय चुकलं? युद्धातून आलेली, सगळं गमावलेली माणसं, त्यांना चांदी कळत होती, कागद कळत नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात नाफ्प्लिओच्या सेंट स्पिरिडॉन चर्चच्या दारात कापोदिस्त्रियासला त्याच्याच देशातल्या एका तालेवार घराण्याच्या दोघांनी मारलं. चर्चच्या भिंतीवर गोळीची खूण अजून दाखवतात. मी त्या खुणेवर बोट ठेवलं होतं. पाचशेची नोट तेव्हा पर्समध्ये होती.

मग युरोपातल्या तीन बड्या सत्तांनी, ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाने, सतरा वर्षांचा बव्हेरियन राजपुत्र ओटो इथे राजा म्हणून बसवला, सहा कोटी फ्रँकच्या कर्जाची हमी घेऊन. त्याच्या राज्यात १८३३ मध्ये द्राख्मा आला. पक्षी गेला, प्राचीन काळचं नाव आलं. पहिली बरीचशी नाणी म्युनिकला पाडून आणली. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण २०१५ च्या सुमारास खूप लोक, आपल्याकडचे अर्थतज्ज्ञसुद्धा, म्हणत होते की ग्रीसने आपलं स्वतःचं चलन परत आणावं. स्वतःचं. त्या स्वतःच्या चलनाचं पहिलं नाणं म्युनिकमध्ये पाडलेलं आणि त्यावर एका जर्मन मुलाचा चेहरा.

पुढचा काळ थोडक्यात सांगते कारण तो कर्ज, फेड, परत कर्ज असाच आहे. एक गोष्ट मात्र राहू नये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समधल्या द्राक्षवेलींना फिलोक्सेराची कीड लागली आणि वाईन करायला ग्रीसमधले काळे बेदाणे भसाभसा विकले जायला लागले. पेलोपोनीसमध्ये लोकांनी ऑलिव्हची झाडं तोडून द्राक्षं लावली. मग फ्रान्सच्या बागा सावरल्या, त्यांनी आयातीवर कर लावला, १८९३ ला बेदाण्याचा भाव कोसळला आणि त्याच डिसेंबरात पंतप्रधान त्रिकूपिस संसदेत उभे राहून म्हणाले असं सांगतात, दुर्दैवाने आपलं दिवाळं निघालं आहे. शेतकऱ्याच्या एका पिकाच्या भावावर देशाचं चलन उभं होतं. कांद्याचा भाव पडल्यावर आपल्याकडे लासलगावला काय होतं ते ज्याने बघितलंय त्याला हे वेगळं समजवायला नको.

१८९७ ला तुर्कस्तानशी युद्ध हरल्यावर १८९८ मध्ये सावकार देशांचं आंतरराष्ट्रीय कमिशन अथेन्सला येऊन बसलं. मीठ, रॉकेल, काडेपेट्या, पत्त्यांचे कॅट, सिगारेटचा कागद, नाक्सोसचा एमरी दगड, पिरेअसच्या बंदराची जकात, हे सगळं उत्पन्न आधी त्यांच्याकडे. म्हणजे चूल पेटवायला काडी ओढली की तिचा वाटा लंडन-पॅरिसच्या रोखेधारकांना. आणि दर वर्षी वीस लाख द्राख्मांच्या नोटा बाजारातून काढून घ्यायच्या अशी अट.

आता त्या म्हाताऱ्या दुकानदाराकडे परत येते. मी नोटा पर्समध्ये ठेवत होते तेव्हा त्याने प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून एक नोट काढून माझ्यापुढे सरकवली. अर्धी. फाटलेली नव्हे, नीट कात्रीने सरळ कापलेली. मला वाटलं खराब माल आहे. तो म्हणाला, ही अर्धी पूर्ण आहे.

१९२२ ची गोष्ट. आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, ग्रीक सैन्य तिसऱ्या वर्षी अडकून पडलेलं, पैसा संपलेला, बाहेरून कर्ज कोणी देत नाही. अर्थमंत्री पेत्रोस प्रोतोपापादाकिस, मूळचा इंजिनिअर, त्याने मार्च-एप्रिलमध्ये (तिकडे तेव्हा जुनं कॅलेंडर होतं म्हणून तारखांचा घोळ होतो) जाहीर केलं की प्रत्येकाने आपल्याकडची नोट कापायची. नॅशनल बँकेच्या नोटेच्या एका बाजूला बँकेचा संस्थापक स्टाव्रोसचं चित्र असायचं आणि दुसऱ्या बाजूला राजमुकुट. स्टाव्रोसवाला अर्धा भाग अर्ध्या किमतीची नोट म्हणून चालणार. मुकुटवाला अर्धा बँकेत द्यायचा आणि त्याबदल्यात वीस वर्षांचे सरकारी कर्जरोखे घ्यायचे. झालं कर्ज. कोणाला विचारायची गरज नाही, कोणाच्या दारात जायची गरज नाही, घराघरात कात्री चालली आणि सरकारला दीड अब्ज द्राख्मांच्या आसपास पैसा मिळाला.

मी ती अर्धी नोट हातात धरून बराच वेळ उभी होते. मनात एकच येत होतं, की कापलं कोणी असेल? घरातल्या बाईने स्वयंपाकघरातल्या कात्रीने? बापाने मुलांना जवळ बसवून? आपल्या हाताने आपल्या घामाचे पैसे कापायचे आणि मुकुटाची बाजू राजाला द्यायची. ज्यांच्याकडे जमीन होती, सोनं होतं, परदेशी बँकेत पाउंड होते, त्यांच्या त्या मालमत्तेला कात्री लागली नाही. ज्यांच्याकडे फक्त नोटाच होत्या त्यांचंच सगळं निम्मं झालं. काही लोक या योजनेला हुशारी म्हणतात, अर्थशास्त्राच्या लेखांत मोठ्या कौतुकाने लिहिलेलं असतं, कर्ज काढायची अभिनव पद्धत म्हणून. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही.

आणि तो पैसा गेला कुठे तर त्याच सप्टेंबरात तिथलं स्मिर्ना शहर पडलं, जळलं, आघाडी कोसळली, आणि तेव्हा पळून आलेले आणि पुढे तुर्कस्तानशी झालेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीच्या करारानं आलेले मिळून बारा लाखांहून जास्त निर्वासित ग्रीसमध्ये आले, तेव्हाच्या पन्नासेक लाखांच्या देशात. नोव्हेंबरात सहा जणांना या पराभवासाठी गोळ्या घातल्या त्यात प्रोतोपापादाकिस होता. १९२६ ला परत नोटा कापल्या, या वेळी तीन चतुर्थांश तुमचा आणि पाव सरकारचा. म्हणजे एकाच घरात चार वर्षांत दोनदा कात्री चालली. दुकानदार म्हणाला, माझे आजोबा स्मिर्नाहून आले, त्यांनी नंतर आयुष्यात नोट म्हणून कधी साठवली नाही. आली की लगेच तेल घ्यायचे.

तेल. हे मला आधी समजलं नव्हतं. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन आले, देश जर्मनी, इटली आणि बल्गेरियाने वाटून घेतला, आणि आपल्या सैन्याचा खर्च त्यांनी ग्रीसच्याच बँकेकडून वसूल केला, नोटा छापायला लावून. वर बँकेकडून सक्तीचं कर्ज घेतलं, ज्याची मागणी ग्रीस अजून करतोय. धान्य सैन्याने उचललेलं, समुद्रात ब्रिटिशांची नाकेबंदी, १९४१-४२ च्या हिवाळ्यात अथेन्सच्या फुटपाथवर माणसं मरून पडत होती आणि सकाळी गाड्या येऊन त्यांना उचलत होत्या. पूर्ण काळात उपासमारीने सुमारे तीन लाख माणसं गेली असा अंदाज आहे. नोटांवरची शून्यं वाढत गेली. १९४४ च्या शरदात भाव दर चार-पाच दिवसांनी दुप्पट होत होते. लोक ऑलिव्ह तेलाच्या डब्यांनी, सिगारेटनी, नाहीतर सोन्याच्या इंग्लिश पाउंडाने, ज्याला ते लीरा म्हणतात, व्यवहार करायचे. दुकानदाराचे आजोबा त्या हिवाळ्यातून घरच्यांना घेऊन जिवंत बाहेर आले ते त्या तेलावर.

त्या वर्षीची सगळ्यात मोठी नोट १०० अब्ज द्राख्मांची. आम्ही शाळेत एकं दहं शतं पाठ करायचो, अब्ज, खर्व, निखर्व, आणि मला नेहमी वाटायचं की हे निखर्व कोण वापरतं, उगाच पाठ करायला लावतात. ती नोट म्हणजे एक निखर्व. तिथल्या संग्रहालयात काचेमागे ठेवली आहे, साधीच आहे, रंग उडालेला. ११ नोव्हेंबर १९४४ ला, अथेन्समधून जर्मन जाऊन जेमतेम महिना झाला होता, नवा द्राख्मा आला, जुने पन्नास अब्ज दिले की नवा एक. त्या निखर्वाच्या नोटेचे दोन द्राख्मा आले. आठवडा-दीड आठवडाच जगली ती नोट.

त्याच डिसेंबरात अथेन्सच्या रस्त्यांवर गोळीबार, मग यादवी युद्ध १९४९ पर्यंत, आणि नवा द्राख्माही घसरतच राहिला. लोकांचा विश्वास इतका उडाला होता की बँक ऑफ ग्रीस स्वतः सोन्याच्या लीरा विकत होती, नोटांचा भाव टिकावा म्हणून. घरांच्या किमती लीरामध्ये सांगायचे. १९५३ ला मंत्री मार्केझिनिसने डॉलरचा भाव पंधरा हजारांवरून तीस हजारांवर नेला, द्राख्मा एका फटक्यात निम्मा, आणि १ मे १९५४ ला तीन शून्यं खोडली, म्हणून तो तीसचा भाव. त्यानंतर मात्र वीस वर्षं खरंच शांत गेली, कारखाने आले, रस्ते झाले, पोरं शिकली. द्राख्माची आठवण म्हणून लोक गहिवरतात तो बहुतेक हा काळ. त्यातली १९६७ ते १९७४ ही सात वर्षं लष्करी हुकूमशाहीची होती आणि त्या कर्नलांनी नाण्यावर परत फिनिक्स आणला, पुढ्यात बंदुकीचा सैनिक उभा करून. कापोदिस्त्रियासच्या पक्ष्याचं असं केलेलं बघून मला वाईट वाटलं.

युरोत जायची धडपड यातूनच समजते. १९९० च्या दशकात महागाई आटोक्यात आणायला, तूट तीन टक्क्यांच्या आत दाखवायला त्यांनी जिवाचं रान केलं, आणि २००४ मध्ये कळलं की ते आकडे खरे नव्हते. हे चूकच होतं आणि त्याची किंमत पुढे सामान्य माणसाने मोजली. पण २००१ ला युरोत शिरताना साध्या माणसाला काय वाटलं असेल याचा विचार मी करते तेव्हा ती कात्री आठवते. आता आपल्या नोटेला आपल्या मंत्र्याचा हात लागणार नाही, कापणार नाहीत, शून्यं लावणार नाहीत. २००२ च्या जानेवारीत हातात आलेल्या त्या नोटेवर ग्रीक लिपीतही युरो लिहिलेलं होतं.

मग २००९ ला नव्या सरकारने सांगितलं की तूट सांगितली त्याच्या कितीतरी पट आहे, २३ एप्रिल २०१० ला पंतप्रधान पापांद्रेऊ कास्तेलोरिझो बेटावर बंदराकडे पाठ करून उभे राहिले आणि मदत मागत असल्याचं टीव्हीवर सांगितलं. मागे निळं पाणी, रंगीत घरं. पुढच्या काही वर्षांत देशाचं उत्पन्न पाव हिश्श्याने घटलं, २०१३ मध्ये शंभरातले सत्तावीस बेरोजगार. पेन्शनी कापल्या, पुन्हापुन्हा. वोलोस शहरात लोकांनी तेम नावाचं आपलं आपलं हिशेबी चलन सुरू केलं, भाजी द्या, सायकल दुरुस्त करून घ्या. २०१२ च्या मार्चमध्ये खासगी रोखेधारकांचे निम्म्याहून जास्त पैसे बुडवले, त्यात परदेशी बँका होत्या तशा साध्या घरातल्या लोकांनी घेतलेल्या रोख्यांवरच्या पुंज्याही होत्या. आणि त्याच महिन्याच्या १ तारखेला जुन्या द्राख्मांची मुदत संपली. कोणाचं लक्ष असणार त्या दिवशी?

२०१५ च्या जूनअखेर बँका बंद झाल्या. एटीएममधून दिवसाला साठ युरो. प्रत्यक्षात वीसच्या नोटा संपत आल्यामुळे कित्येकांच्या हातात पन्नासच पडायचे. एटीएम कार्ड कधी न घेतलेले म्हातारे पेन्शनर बँकांच्या बंद दारांबाहेर बसलेले फोटो मी तेव्हा ऑफिसमध्ये बघितले होते आणि बघून पुढे गेले होते, खरं सांगायचं तर. ५ जुलैला सार्वमत झालं, ६१ टक्क्यांहून जास्त लोकांनी सावकारांच्या अटींना नाही म्हटलं, आणि आठवड्याभरात सरकारने तशाच अटी मान्य केल्या. पैशांच्या व्यवहारांवरची बंधनं पूर्ण उठायला १ सप्टेंबर २०१९ उजाडला, मी गेले त्याच्या महिनाभर आधी.

ते फोटो मला नीट दिसले ते नंतर. आईची अण्णांच्या अलॉटमेंटमधून साठवलेली ठेव एका सहकारी बँकेत होती आणि त्या बँकेवर निर्बंध आले, सहा महिन्यांत एवढेच काढायचे. आई दोन तास उन्हात रांगेत उभी राहिली. माझ्यापुढच्या बाईच्या मुलीचं लग्न आहे गं, एवढंच म्हणत होती घरी येऊन. स्वतःच्या पैशाबद्दल काही बोलली नाही. पासबुक मात्र उशीखाली घेऊन झोपायची. पुढे तिचे पैसे मिळाले, उशिरा मिळाले, पण त्या काळात मला त्या बंद दारांबाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांचे चेहरे रोज आठवायचे.

त्यामुळे ग्रीकांनी द्राख्माकडे परत जावं, अवमूल्यन करावं, निर्यात वाढेल, असं मांडणारे लेख वाचताना मला आतून त्रास होतो. गणित बरोबर असेल. इतका छळ होऊनही त्या वर्षांत बहुसंख्य ग्रीक लोक युरो ठेवा असंच सांगत होते, आणि बाहेरच्यांना त्याचं आश्चर्य वाटायचं. मी त्या दुकानदाराला हेच विचारलं, तुम्हाला द्राख्मा परत हवा होता का. तो म्हणाला, मला माझी तरुण वर्षं परत हवी होती, ती द्राख्मात होती. आईच्या नोटा का नाही बदलल्या मग? म्हणाला, ती म्हणायची, बदलल्या तर त्या खर्च होतील.

अर्धी नोट मी विकत घेतली. त्याने सुट्टे परत देताना एक पाच सेंटचं तांब्याच्या रंगाचं नाणं उलटं करून दाखवलं. प्रत्येक देशाचं नाण्याच्या एका बाजूचं चित्र वेगळं असतं, ग्रीसच्या एक सेंटवर जुनं वल्ह्यांचं युद्धजहाज आहे, दोन सेंटवर स्वातंत्र्ययुद्धातलं शिडाचं, आणि पाचवर आजच्या काळातला टँकर. आणि त्या बाजूला सेंट असं लिहिलेलंच नाही, लिहिलंय लेप्ता. मी त्याला सांगितलं की माझे वडील अशाच बोटीच्या इंजिनात होते. त्याने हातातलं ते नाणं पुसलं आणि माझ्या अर्ध्या नोटेवर ठेवलं.

घरी आल्यावर आईला सगळं दाखवलं. अर्धी नोट तिने परत दिली, कापलेले पैसे घरात ठेवू नयेत म्हणाली. नाणं मात्र चष्मा लावून खूप वेळ बघत होती. टँकरवर बोट फिरवून विचारलं, हे चालतं का अजून? म्हटलं, चालतं. मग तिने अण्णांच्या नोटांची ती पिशवी उघडली, नाणं त्यात टाकलं, पिशवीला पहिल्यासारखाच पीळ दिला आणि सीडीसीत ठेवत म्हणाली, राहू दे, कोणी गेलं तिकडे तर लागेल.